स्वयंपाकघरातल्या कपाटांचा जुना रंग काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईला माझ्या माहेरच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन सागवानी फडताळं आहेत. त्यांच्यापासून माझं हे काम सुरू झालं. पुढे पुण्यात शेजाऱ्यांची, नातेवाइकांची कपाटं झाली, आणि प्रत्येक घरात तेच प्रश्न कानावर आले. ते इथे उत्तरांसकट लिहिते आहे. घरात लहान मूल असेल तर बाकी काही वाचलं नाही तरी शिशाबद्दलचं उत्तर मात्र नक्की वाचा.

नवा रंग देण्याआधी जुना रंग सगळा काढायलाच हवा का?

नाही. बहुतेक कपाटांना त्याची गरज नसते. जुना रंग लाकडाला घट्ट धरून असेल तर त्याच्यासारखा पाया दुसरा नाही. तो धुवायचा, हलका खरखरीत करायचा आणि त्यावर प्रायमर द्यायचा. पूर्ण रंग काढण्यात कष्ट आहेत, धूळ आहे, धोकाही आहे. त्यामुळे आधी कपाटाची परीक्षा घ्या.

परीक्षा सोपी आहे. दाराचा एक कोपरा साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळू द्या. नव्या ब्लेडने एक इंचभर जागेत पाच-सहा उभ्या आणि तितक्याच आडव्या रेघा मारा, म्हणजे बारीक जाळी तयार होईल. तिच्यावर चांगली चिकटपट्टी नखाने दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीला एखाददुसरा कण लागला तर रंग पक्का आहे. चौकटीच्या चौकटी उचलून आल्या तर रंगाची पकड सुटलेली आहे. त्यावर कितीही महागाचा रंग दिला तरी तो जुन्यासकट निघेल. ही परीक्षा तीन ठिकाणी घ्या: शेगडीशेजारच्या दारावर, सिंकखालच्या दारावर आणि मुठीभोवती. रंग आधी सुटतो तो याच जागी.

पोपडे निघालेले असतील, फुगे आलेले असतील, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडल्या असतील, किंवा थरांवर थर चढून दार चौकटीत घासत असेल, तर मात्र रंग काढावाच लागतो. तोही सगळ्या कपाटाचा काढायला हवा असं नाही. सिंकखालची दोन दारं मोकळी करायची, बाकीची नुसती घासून घ्यायची, असं मी कितीतरी घरांत केलं आहे. मोकळा भाग आणि जुना रंग जिथे मिळतात ती कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. नाहीतर नवा रंग वाळल्यावर तिथे पायरी दिसते.

जुना रंग ऑइल पेंट आहे की पाण्याचा, हे कसं ओळखू?

पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घ्या (हातांचं सॅनिटायझरही चालतं) आणि अर्धा मिनिट एकाच जागी चोळा. कापसाला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर तो पाण्यात मिसळायचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिक रंग आहे. नुसता मळ निघाला आणि रंग जागचा हलला नाही तर ऑइल पेंट, म्हणजे एनॅमल. कापूस तांबूस-तपकिरी झाला आणि खालचं लाकूड निस्तेज पडलं तर तो रंगच नाही, लाखेचं पॉलिश आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे ती नुसत्या स्पिरिटने आणि फडक्याने निघून येते. तिला रिमूव्हर, म्हणजे रंग काढायचं रसायन, कशाला?

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात जुना रंग असला की तो बहुधा ऑइल पेंटच निघतो. तेलाचा हात लागला तरी पुसता येतो, म्हणून लोक तोच देत आले.

जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात. ते खरं आहे का? किती घाबरायचं?

खरं आहे, आणि या कामात सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती याचीच.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. दशलक्ष भागांत ९० भाग (९० पीपीएम), त्याहून जास्त नाही. म्हणजे त्याआधी लावलेल्या कुठल्याही ऑइल पेंटबद्दल आपल्याला खात्री देता येत नाही. पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा हे रंग विशेष संशयाचे, कारण पिवळ्या-केशरी छटा शिशाच्या क्रोमेटपासून करत आणि त्याच पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करत. आणखी मागे गेलं तर आपल्या भाषेतले शब्दच साक्ष देतात. सफेता म्हणजे शिशाचा पांढरा रंग. शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल-केशरी भस्म. मुरदाडशिंग हेही शिशाचं. ते अळशीच्या तेलात घालून तेल उकळत, म्हणजे रंग लवकर वाळे. जुन्या घरांत लाकडावर पहिला हात अशा मालाचा असणं अगदी शक्य आहे.

आमच्या फडताळाच्या एका कोपऱ्यात मी ओल्या सँडपेपरने रुपयाएवढी जागा हळूहळू घासली. वर क्रीम, खाली फिकट हिरवा, त्याखाली आभाळी निळा, आणि लाकडाला चिकटून शेंदरी. एकात एक चार वर्तुळं दिसत होती. ती शेंदरी कड दिसल्यावर मी हातातलं काम थांबवलं.

शिसं भिंतीवर, दारावर गप्प बसलेलं असतं तेव्हा फारसं काही करत नाही. धूळ किंवा धूर झाला की ते अंगात जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित म्हणता येईल असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट जास्त शोषून घेतं आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. मूल जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं. स्वयंपाकघरातली धूळ तर ताटातच येते.

एक प्रसंग सांगते. पहिल्या वेळी आम्ही एका रंगाऱ्याला काम दिलं आणि त्याने बंद स्वयंपाकघरात मशीन लावून कोरडं घासलं. ओट्यावरचं सामान आम्ही झाकलं होतं, शेजारच्या कोठीचं दार लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आई कोठीत तूरडाळीचा डबा काढायला गेली तर झाकणावर पिठासारखी हिरवट धूळ. झाकणाच्या खाचेत बोट फिरवलं तर तिथेही. तेव्हा माझी भाची दीड वर्षाची होती. कोठीतलं सुटं धान्य आम्ही टाकून दिलं, प्रत्येक डबा धुतला, आणि ती सफाई पूर्ण होईपर्यंत भाचीला तिच्या आजोळी ठेवलं. तेव्हापासून कोरडं घासणं मी कुठल्याही घरात होऊ देत नाही.

शिसं ओळखायच्या काड्या ऑनलाइन मिळतात. शिसं असेल तर त्या गुलाबी किंवा लाल होतात. पण वरचा थर स्वच्छ आणि खालचा शिशाचा असेल तर काडीला ते कळत नाही, म्हणून सगळे थर दिसतील असा तिरका छेद घेऊन मगच लावा. मी स्वतः एक साधा नियम पाळते: २०१७ च्या आधीचा ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं आहे असं धरूनच चालायचं.

मग शिसं आहे असं धरून काम कसं करायचं?

लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत, काम चालू असताना तर नाहीच, पण शेवटची पुसापुशी होईपर्यंतही नाही. दारं बिजागऱ्यांतून काढून गच्चीत किंवा अंगणात न्या. तिथेही खाली जाड प्लास्टिक अंथरा. भिंतीतलं कपाट हलवता येत नाही, तेव्हा त्या खोलीचं दार प्लास्टिकने बंद करा, पंखा बंद ठेवा, धान्य-भांडी पूर्ण बाहेर काढा. नुसतं झाकून भागत नाही.

जे खरवडायचं, घासायचं ते ओलं करूनच. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घ्या, पृष्ठभाग भिजवा, खरवडा, पुन्हा भिजवा. निघालेला लगदा त्याच वेळी फडक्याने टिपून पिशवीत टाका. झाडू अजिबात मारू नका. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक धूळ मागच्या बाजूने हवेत सोडतो. शेवटी ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसा आणि खळबळायला दुसरी बादली ठेवा, नाहीतर तेच पाणी आपण सगळीकडे फिरवतो.

तोंडाला निदान एन-९५ मास्क हवाच, रुमाल बांधून उपयोग नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा. चहा पिण्याआधी, तंबाखू मळण्याआधी हात साबणाने धुवायचे, हे कामाला येणाऱ्या माणसांनाही न संकोचता सांगा. त्यांचं तर रोजचंच हे काम, सगळ्यात जास्त शिसं त्यांच्याच अंगात जातं.

आमचं कपाट प्लायचं आहे की एमडीएफचं, कळत नाही. त्याने काय फरक पडतो?

खूप पडतो. दार काढून बिजागरीच्या खाचेत बघा, तिथे आतला माल उघडा असतो. एकावर एक पातळ थर दिसले तर प्लाय. एकसारखा तपकिरी, पुठ्ठ्यासारखा भुसा दिसला तर एमडीएफ. लाकडाचे बारीक तुकडे दाबून केल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. लाकडाची रग, म्हणजे त्याच्या तंतूंच्या रेषा, आरपार गेलेली दिसली तर सलग लाकूड.

सागवान किंवा दुसऱ्या सलग लाकडावर जवळपास सगळ्या पद्धती चालतात. प्लायचा वरचा थर अगदी पातळ असतो, रंग खरवडायची पत्ती जोरात चालवली की तो फाटतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डला पाणी चालत नाही. एकदा फुगला की तो पुन्हा बसत नाही. त्यांच्यावरचा रंग पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नका. पुसून, जेमतेम दमट केलेल्या बारीक पेपरने खरखरीत करून लगेच कोरडं करा आणि प्रायमर द्या. दारच फुगलेलं असेल तर नवं करून घेणं स्वस्त पडतं. सनमायका असेल तर काढण्यासारखा रंग खाली नसतोच. आणि प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने मढवलेली दारं असतील तर तो पापुद्रा गरम हवेने मऊ करून सोलता येतो, खाली एमडीएफ असतो.

रंग काढण्याआधी कपाट धुवायचं कशाला? रंग तर जाणारच आहे.

फोडणीचा चिकटा म्हणून. वर्षानुवर्षांच्या तेलाची वाफ दाराच्या वरच्या कडेला, मुठीभोवती आणि कपाटाच्या माथ्यावर बसलेली असते. नखाने ओरखडा काढला तर मेणासारखी गुंडाळी निघते. ती तशीच ठेवून घासलं तर पेपर दोन मिनिटांत भरतो आणि तेल लाकडात दाबलं जातं. मग नव्या रंगात जागोजागी बारीक खड्डे पडतात आणि रंगाऱ्याला वाटतं माल खराब आला.

एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घाला, हातमोजे घाला आणि खालून वर धुवा. वरून सुरुवात केली तर कोरड्या भागावर ओघळांचे डाग पडतात. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, कारण सोड्याचा अंश राहिला तर तोही रंग धरू देत नाही. फडकं पिवळं निघायचं थांबलं की पुढच्या कामाला लागा.

हीट गन, रिमूव्हर की नुसती पत्ती? तुमची पसंती कशाला?

सलग लाकडावरचे जाड थर असतील तर हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, पण कमी तापमानावर. रंग आधीच सुटत आला असेल तर भिजवून पत्ती. नक्षीकाम, कंगोरे, जाळी असेल तर रिमूव्हर. एकाच कपाटावर तिन्ही वापरावं लागतं असाही अनुभव आहे.

हीट गनचं तोंड लाकडापासून चार बोटं लांब धरा आणि सतत हलतं ठेवा. रंगाला आधी चकाकी येते, मग तो हलकेच फुगतो. त्याच क्षणी पत्ती रगेच्या दिशेने खालून सरकवा, लांब मऊ सालपट निघतं. धूर दिसला म्हणजे तापमान जास्त झालं. शिशाच्या रंगावर हीट गन वापरायची कमाल मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ५९३ अंश सेल्सिअस ठेवली आहे. त्यापुढे शिशाची वाफ होण्याचा धोका असतो. मी त्याच्या बऱ्याच खाली, ३५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करते आणि तेवढं पुरतं. काचेच्या दाराजवळ गरम हवा नेऊ नका, काच तडकते. भिंतीतल्या फडताळामागे वायरिंग गेलं असेल तर तिथेही नको.

ब्लो लॅम्पची ज्योत मात्र कुठेही लावू नका. जुने रंगारी अजूनही ती काढतात, काम झपाट्याने होतं हेही खरं. पण रंग जळतो, शिशाचा धूर होतो, आणि जुन्या फडताळाच्या फटीत साठलेला भुसा धुमसत राहून तासाभराने पेट घेऊ शकतो.

दुकानदाराने दिलेल्या रिमूव्हरच्या डब्यावर काहीच नीट लिहिलेलं नाही. वापरू का?

नको. डब्यावर मेथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन हे नाव असेल तर घरात तो उघडूसुद्धा नका. हे द्रावण दहा-पंधरा मिनिटांत रंग फुगवतं म्हणून लोकप्रिय आहे, पण ते ४० अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात त्याची वाफ भसाभस होते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते, आणि कपाटात डोकं घालून बसलेला माणूस नेमका तिथेच श्वास घेतो. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद न्हाणीघरात, खोलीत काम करताना यामुळे माणसं दगावलेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकणं बंद केलं, युरोपीय संघाने त्याच्याही आधी. ज्योतीच्या संपर्कात या वाफेचे आणखी विषारी वायू होतात. एन-९५ मास्क धुळीसाठी असतो, वाफ तो अडवत नाही. पातळ रबरी हातमोज्यांतूनही हे द्रावण काही मिनिटांत आत येतं.

बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर मिळतात. ते संथ आहेत: जाड थर लावायचा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा म्हणजे वाळत नाही, आणि रात्रभर सोडायचं. सकाळी रंग साईसारखा गोळा होऊन येतो, आणि ओला असल्यामुळे धूळही उडत नाही. घरातल्या कामाला मी हेच घेते. तरी खिडक्या उघड्या, गॅसचा रेग्युलेटर बंद, जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काम झाल्यावर डब्यावर सांगितलेल्या द्रावणाने लाकूड पुसून घ्या, नाहीतर उरलेला अंश नव्या रंगाला सुटा करतो.

आमचा रंगारी म्हणतो कॉस्टिक सोड्याने स्वस्तात होईल. हो म्हणू का?

लोखंडी कपाट असेल तर एकवेळ विचार करा. सागवानाला लावू देऊ नका. कॉस्टिकने सागवान काळवंडतं, त्याची रग उभी राहते, आणि जुने सांधे सरसाने जोडलेले असतील तर सुटतात. ते लाकडात मुरतं आणि पुढे महिनोन्‌महिने रंगाला आतून फोड आणतं. अ‍ॅल्युमिनियमच्या मुठी आणि पट्ट्या तर खाऊनच टाकतं. शिवाय कातडीवर उडालं तर भाजतं, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. तरीही कोणी वापरत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: पाण्यात सोडा थोडा थोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही.

कंगोरे आणि कोपऱ्यांतला रंग कसा काढायचा?

वेळ देऊन. रिमूव्हरने मऊ झाल्यावर बांबूची काडी चपटी तासून घ्या. ती खाचेत जाते आणि लाकडाला ओरखडा काढत नाही. जुना टूथब्रश, सुतळीचा तुकडा मागेपुढे ओढून केलेली घासणी, हेही छान चालतं. सपाट कडांसाठी सुतार फुटक्या काचेच्या तुकड्याने तासतात. अनुभवी हातात ते सुरेख होतं, पण ते त्यांनाच करू द्या.

तारेचा ब्रश आणि लोखंडी वूल ओल्या सागवानावर वापरू नका. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की निळसर काळे ठिपके उमटतात आणि ते पेपरने सहज जात नाहीत.

पितळी बिजागऱ्या आणि कड्यांवरही चार हात रंग बसलाय. फेकून देऊ?

मुळीच नको! अशा बिजागऱ्या आता मिळत नाहीत. काढताना प्रत्येक दाराच्या मागे आणि त्याच्या बिजागरीच्या पिशवीवर एकच खूण करा. जुन्या कामात प्रत्येक दार स्वतःच्याच चौकटीत बसतं. आमच्या फडताळाचा शेंदरी थर निघाला तेव्हा खाली सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेलं ‘डावें वरचें’ सापडलं. अनुस्वारासकट. ते मी आतल्या बाजूला तसंच राखलं आहे.

रंग काढायला एक टाकाऊ पातेलं घ्या, पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घाला आणि बिजागऱ्या बुडवून अंगणात मंद आचेवर तासभर ठेवा. रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही, आणि हे काम गॅसच्या ओट्यावर करायचं नाही, कारण त्या रंगातही शिसं असू शकतं. अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तू सोड्यात टाकू नका.

पेपर कोणत्या नंबरचा घ्यायचा?

रंग निघाल्यावर उरलेले डाग काढायला ८० किंवा १००, मग १५०, शेवटी २२०. पॉलिश करायचं असेल तर पुढे ३२० पर्यंत जा. रंगच द्यायचा असेल तर २२० च्या पुढे जाऊ नका, फार गुळगुळीत लाकडाला प्रायमर धरत नाही. शिशाचा संशय असेल तोवर वॉटर पेपर आणि पाणी. नेहमी रगेच्या दिशेने.

पावसाळ्यात हे काम करावं का?

दिवाळी ते होळी हा उत्तम काळ. पावसाळ्यात भिजवलेलं लाकूड वाळत नाही, दारं फुगलेली असतात म्हणून माप चुकतं, आणि एनॅमल दिवसचे दिवस चिकट राहतो. कोकणात आणि गोव्यात तर दसऱ्याच्या आधी हात लावू नये. अडलंच असेल तर खरवडण्यापर्यंतचं काम उरका आणि प्रायमरचा एक हात देऊन थांबा; लाकूड उघडं ठेवलं तर बुरशी धरते.

रंग काढल्यावर भोकं आणि पोकळ जागा दिसल्या. आता?

पेचकसाचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं आणि मातीसारखा भुगा निघाला तर वाळवी आहे, आधी तिचा बंदोबस्त करा. टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगेरा. दोन्हीवर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर तो किडा आत कामच करत राहतो. औषध मारून, दोन आठवडे खाली काळा कागद अंथरून नवी भुकटी पडते का बघा. नाही पडली की लांबी भरा.

लाकूड मोकळं झालं. रंगाआधी काय काय करायचं?

एक दिवस वाळू द्या. गाठी असतील तर त्यांवर लाखेचा एक हात, म्हणजे गाठीतला चीक नव्या रंगातून वर येत नाही. मग लाकडाचा प्रायमर, तो वाळल्यावर लांबी, लांबीवर पेपर, पुन्हा प्रायमरचा पातळ हात, मग रंगाचे दोन हात. लांबी उघड्या लाकडावर थेट भरू नका. लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं आणि ती ठिसूळ होते. डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा कमी असल्याचं लिहिलेलं आहे ना, हे दुकानातच वाचून घ्या.

आणि खाली असं सागवान निघालं की एकदा थांबून बघा. त्यावर पुन्हा रंग चढवायचा की पॉलिश ठेवायचं, हा निर्णय तुमचाच. माझं मन नेहमी पॉलिशकडे जातं. अळशीच्या तेलाचा हात देणार असाल तर ती फडकी गोळा करून ठेवू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा.

निघालेला रंग कुठे टाकायचा?

जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा, ती दुसऱ्या पिशवीत घाला आणि घरातल्या घातक कचऱ्याची पिशवी म्हणून कचरा नेणाऱ्यांना वेगळी द्या, वर लिहून. मोरीत, गटारात किंवा परसातल्या आळ्यात ओतू नका. रंगीत फळ्यांचे तुकडे पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत घालू नका. गावाकडे हे सर्रास होतं, आणि शिशाचा तो धूर घरातच राहतो, राख तुळशीला जाते किंवा भांड्यांना लागते.

रंगाऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर त्याच्याशी काय बोलून घ्यावं?

पहिल्याच दिवशी, दर ठरण्याआधी सांगा: कोरडं मशीन नको, ब्लो लॅम्प नको, कॉस्टिक नको, दारं बाहेर नेऊन करायची. यात त्यांचा वेळ जास्त जातो, तेव्हा मजुरीही तशी द्या. माझ्या हाताने एका सागवानी दाराच्या दोन्ही बाजूंना मिळून चार तास लागतात. त्यावरून अंदाज बांधा. मास्क आणि हातमोजे आपण आणून द्यावेत. दादांना नीट समजावून सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात, त्यांच्याही घरी मुलं असतात आणि कपड्यांवरची धूळ त्यांच्याच घरी जाते.

नवा रंग दिल्यावर डबे परत कधी लावायचे?

ऑइल पेंट हाताला कोरडा लागतो तो दुसऱ्या दिवशी, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. दारं दोन-तीन दिवसांनी बसवा, मात्र पहिला आठवडा किलकिली ठेवा, नाहीतर ती चौकटीला चिकटतात आणि उघडताना नव्या रंगाचा तुकडा घेऊन येतात. फळ्यांवर हलके डबे आठवड्याने, तेलाची बरणी आणि पितळेचे जड डबे महिन्याने. तोवर खाली वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई रंगात उतरते. साधा कोरा कागद घाला.